पाणी गाळले, पण मीठ कुठे गेले?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रंगाई आणि धुलाईच्या सांडपाण्यावर उच्च दाबाच्या गाळणीने प्रक्रिया करायची, ते पाणी पुन्हा कारखान्यातच वापरायचे आणि नदीत थेंबही सोडायचा नाही, अशा योजनांच्या बातम्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील वर्तमानपत्रांत गेली काही वर्षे सातत्याने येत आहेत. पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसची (कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांची) चर्चा होते आणि त्यावरचा उपाय म्हणून ‘आर. ओ.’ (ही उच्च दाबाची गाळणी) आणि ‘झिरो लिक्विड डिस्चार्ज’ (शून्य विसर्ग) ही दोन नावे घेतली जातात. प्रकल्पाची क्षमता दशलक्ष लिटरमध्ये आणि खर्चाचा आकडा कोटींत दिलेला असतो. कधीकधी स्वच्छ पाण्याचा काचेचा पेला हातात धरलेल्या पाहुण्यांचे छायाचित्रही असते. गाळून उरलेल्या खाऱ्या पाण्यात मीठ किती आणि ते शेवटी कुठे जाणार, याचा आकडा मात्र क्वचितच वाचायला मिळतो. माझी नोकरी अशा यंत्रणा चालवण्यातच गेली. हा आकडा वगळून केलेली चर्चा अर्धी राहते, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

या तंत्राला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. सांडपाण्यात तरंगणारा गाळ बसवता येतो, त्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणूंकडून खाववून घेता येतात, रंगही बऱ्याच अंशी काढता येतो; परंतु पाण्यात विरघळलेल्या मिठावर यांपैकी कोणत्याही प्रक्रियेचा परिणाम होत नाही. सीईटीपीच्या (सामूहिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या) टाक्यांत हवा कितीही फुंकली तरी आत आलेले मीठ जसेच्या तसे बाहेर पडते. ते वेगळे करण्यासाठी मेम्ब्रेनच (पाणी जाऊ देणारा, मीठ अडवणारा पातळ पडदा) लागते. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी वापरण्याजोगे पहिले मेम्ब्रेन तयार केले, 1965 मध्ये त्याच राज्यातील कोलिंगा या गावात त्यावर चालणारा पहिला सार्वजनिक प्रकल्प सुरू झाला आणि पुढे पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर असलेली मेम्ब्रेन आल्यावर ते जगभर पसरले. आज औद्योगिक प्रकल्पात जी नळकांडी दिसतात ती साधारण 8 इंच व्यासाची आणि 40 इंच लांबीची असतात; गुंडाळलेले मेम्ब्रेन उलगडले तर एकेका नळकांड्यात सुमारे 37 चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. अशी सहा-सात नळकांडी एका पाइपमध्ये ओळीने बसवतात आणि पंपाने त्यांत पाणी दाबतात.

हा दाब कशासाठी लागतो, हे समजले की पुढचे सारे गणित उलगडते. गोडे आणि खारे पाणी एका पडद्याच्या दोन बाजूंना ठेवले तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे जाते, आणि ही ओढ मोजता येते. साध्या मिठाच्या बाबतीत दर लिटरला 1 ग्रॅम मीठ वाढले की हा दाब साधारण पाऊण बारने वाढतो. समुद्राच्या पाण्याची ही ओढ सुमारे 27 बार भरते. या ओढीच्या उलट दिशेने पाणी ढकलायचे असल्यामुळे पंपाचा दाब त्याहून बराच अधिक ठेवावा लागतो. समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प म्हणूनच 55 ते 70 बारवर चालतात. प्लँटवरची माणसे याला ‘साठ केजी प्रेशर’ म्हणतात, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साठ किलोचा भार.

आता हे गणित रंगाईच्या पाण्याला लावून पाहू. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवताना रंग पाण्यातून धाग्याकडे वळावा म्हणून बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या द्रावणात, साधे मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) टाकतात. गडद छटेसाठी हे प्रमाण लिटरला 60-80 ग्रॅमपर्यंत, म्हणजे समुद्राच्या दुपटीवर जाते. रंग बहुतांशी कापडावर राहतो. मीठ मात्र सगळेच्या सगळे नालीत जाते. त्यात ब्लिचिंग, मर्सरायझिंग (कापडाला चमक आणणारी कॉस्टिकची प्रक्रिया) आणि नंतरच्या धुलाईचे पाणी मिसळल्यावर एकत्र सांडपाण्यात लिटरला 6 ग्रॅमच्या आसपास क्षार उरतात असे धरू. सुती प्रक्रिया उद्योगात हा आकडा अजिबात असाधारण नाही. नदीत सोडण्याच्या पाण्यासाठी कापड उद्योगाची मर्यादा लिटरला 2,100 मिलिग्रॅम आहे. म्हणजे हे पाणी तसेच सोडता येत नाही, गाळावेच लागते.

असे 10 लाख लिटर पाणी रोज येत असेल तर त्याबरोबर रोज 6 टन मीठ येते. मेम्ब्रेनमधून तीन चतुर्थांश पाणी स्वच्छ करून काढले तर साडेसात लाख लिटर वापरायला मिळतात आणि अडीच लाख लिटर ‘रिजेक्ट’ उरते, ज्याचा खारटपणा चौपट म्हणजे लिटरला सुमारे 24 ग्रॅम होतो. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात आणखी पिळून नव्वद टक्के पाणी काढले तर एक लाख लिटर रिजेक्ट उरते आणि त्यात लिटरला 60 ग्रॅम मीठ असते. त्याची उलटी ओढच आता 45 बारच्या घरात गेलेली असते. समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेली नेहमीची मेम्ब्रेन सुमारे 83 बारपर्यंतच चालवता येतात. याहून अधिक दाब सोसणारी चकत्यांच्या रचनेची मेम्ब्रेन मिळतात, परंतु ती महाग असतात. शिवाय एवढ्या दाट पाण्यात कॅल्शियम सल्फेट, कार्बोनेट आणि सिलिका मेम्ब्रेनवरच स्फटिकरूपाने बसू लागतात. या साऱ्या खटाटोपानंतरही सहा टनांतले मीठ छटाकभरदेखील कमी झालेले नसते. ते कमी पाण्यात गोळा झालेले असते, एवढेच.

घरोघरी ओट्याजवळ लावलेल्या आर. ओ. यंत्रामुळे याविषयी एक गैरसमज रूढ झाला आहे. त्या यंत्रातून एक बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते आणि तिच्यातून जाणाऱ्या पाण्याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण घरी येणाऱ्या पाण्यात मुळातच क्षार थोडे असतात. कारखान्याच्या बाबतीत ती बारीक नळीच मुख्य प्रश्न आहे. ती नळी कुठे सोडली आहे, एवढे विचारले तरी कोणत्याही प्रकल्पाची खरी परीक्षा होते.

शून्य विसर्ग म्हणायचा असेल तर त्या नळीतले शेवटचे पाणी आटवावे लागते, आणि खर्च तिथे उसळी मारतो. एक घनमीटर पाण्यावर 60 बारचा दाब देण्यासाठी सिद्धान्ततः पावणेदोन युनिटांहूनही कमी वीज लागते; पंपातील नुकसान धरले तरी हा आकडा फार वाढत नाही. तेच एक घनमीटर पाणी भांड्यात उकळून आटवायचे तर उकळबिंदूला आल्यानंतर नुसती वाफ करायला सुमारे 627 युनिटांएवढी उष्णता लागते. एका भांड्याची वाफ दुसऱ्याला तापवण्यासाठी वापरणारे अनेक टप्प्यांचे बाष्पीभवन यंत्र किंवा वाफ पुन्हा दाबून तिचीच उष्णता वापरणारे यंत्र बसवले की हा खर्च पुष्कळ उतरतो, तरीही मेम्ब्रेनच्या तुलनेत तो अनेक पटींनी अधिकच राहतो. त्यासाठी बॉयलरला दगडी कोळसा, लाकूड किंवा बगॅस जाळावे लागते. त्यामुळे होते काय, तर मेम्ब्रेनचा विभाग रोज चालतो, कारण त्यातून कारखान्याला स्वतःच्या उपयोगाचे पाणी मिळते आणि टँकरचे पैसे वाचतात. बाष्पीभवनाच्या विभागातून कारखान्याला काहीच मिळत नाही, म्हणून तो बंद ठेवण्याचा मोह होतो. मी पूर्वी ज्या एका कारखान्यात काम केले तिथे बाष्पीभवन यंत्र मुख्यतः तपासणीच्या दिवशी सुरू होत असे आणि एरवी रिजेक्टची टाकी रात्रीतून रिकामी होत असे. यात कोणा एका मालकाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. ज्या यंत्रातून मालकाला फक्त बिल मिळते आणि जे बंद असल्याचे बाहेरच्या कोणाला कळत नाही, ते यंत्र बंद पडणारच.

तमिळनाडूतील तिरुपूरचा अनुभव यासाठी बारकाईने पाहण्याजोगा आहे. होजिअरीच्या या शहरातील रंगाई आणि ब्लिचिंगचे पाणी नोय्यल नदीत जात होते आणि खाली ओरथुपालयम धरणात साचत होते. 1990 च्या दशकाच्या आरंभी शेतीसाठी पूर्ण झालेले हे धरण काही वर्षांतच शेतकऱ्यांना नकोसे झाले. नोय्यल खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, 2006 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शून्य विसर्ग बंधनकारक केला आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. त्या काळात तिथे सामूहिक प्रकल्प उभे राहिले, त्यांत मेम्ब्रेनही बसली. परंतु रिजेक्ट आटवण्याचा भाग ठरल्याप्रमाणे चालेना. अखेर जानेवारी 2011 मध्ये उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई-ब्लिचिंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. हजारो कामगारांचे काम एका फटक्यात थांबले आणि काही काम चोरीछुपे आसपासच्या जिल्ह्यांत सरकले. आपल्याकडे ‘तिरुपूर पॅटर्न’ असा उल्लेख आदराने होतो, तेव्हा 2011 चे ते बंद दरवाजे कोणी आठवत नाही.

त्यानंतर तिरुपूरने जो मार्ग काढला तो मला खरा धडा वाटतो. राज्य सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, ही त्यातली एक बाजू. दुसरी बाजू तांत्रिक आहे आणि तिची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. अरुलपुरम येथील सामूहिक प्रकल्पात रिजेक्ट पूर्णपणे आटवण्याऐवजी त्यातला रंग आणि कठीणपणा काढून ते खारे पाणीच पुन्हा रंगाईच्या बाथसाठी वापरण्याची पद्धत यशस्वी करून दाखवण्यात आली. रंगाईला मीठ लागतेच. मग ते बाजारातून आणून नदीत टाकण्यापेक्षा त्याच पाण्यातून परत घेतले, की आटवण्याचे पाणीही कमी होते आणि मिठाची खरेदीही. यासाठी नॅनोफिल्ट्रेशनचे मेम्ब्रेन उपयोगी पडते, कारण ते रंगाचे मोठे रेणू अडवते आणि साधे मीठ बऱ्याच अंशी पलीकडे जाऊ देते. ग्लॉबर सॉल्टचे सल्फेट मात्र तेच मेम्ब्रेन अडवते. त्यामुळे कारखाने कोणते मीठ वापरतात यावर यंत्रणेची रचना ठरते, आणि एकाच सामूहिक प्रकल्पाला जोडलेल्या कारखान्यांनी मिठाविषयी एकमत करावे लागते. हे एकमत निविदा निघण्याआधी व्हायला हवे. नंतर झाले तर मेम्ब्रेन बदलावी लागतात. जे मीठ परत वापरता येत नाही, त्याचे रंगमिश्रित ढीग तिरुपूरच्या प्रकल्पांच्या गोदामांत साचत गेले, हेही त्या शहराकडे पाहताना विसरू नये.

इचलकरंजीकडे येताना एक गोष्ट स्वच्छपणे मांडायला हवी. पंचगंगेची सगळी दुर्दशा प्रोसेस हाऊसच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. कोल्हापूरच्या जयंती नाल्यापासून इचलकरंजीच्या गटारांपर्यंतचे घरगुती सांडपाणी, साखर कारखाने आणि इतर उद्योग या सर्वांचा त्यात वाटा आहे. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसतो, त्यामागे प्रामुख्याने पाण्यातला प्राणवायू संपणे हे कारण असते, आणि प्राणवायू संपतो तो सेंद्रिय घाणीमुळे. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची जी भीषण साथ आली ती पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याची होती. या दोन्ही दुखण्यांवर रंगाईच्या पाण्याला लावलेले आर. ओ. हा इलाज नाही, आणि तसा तो आहे असे भासवून कोणी निधी मागत असेल तर ती दिशाभूल आहे.

मात्र मिठाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो इचलकरंजीच्या खाली पंचगंगेकाठी असलेल्या शिरोळ तालुक्याला विशेष लागू आहे. क्षारपड जमीन म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. अतिरिक्त पाण्यामुळे ऊसपट्ट्यातील हजारो एकर जमीन पांढरी पडली आणि ती पुन्हा पिकाखाली आणण्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी व सहकारी कारखान्याने जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालण्याचे खर्चिक काम केले. त्या जमिनीचा मूळ रोग अतिसिंचनाचा आहे, कापडाचा नाही. तरी ज्या मातीतून सोडियम बाहेर काढण्यासाठी लाखो रुपये खर्च होतात, तिलाच उपशाच्या पाण्यातून पुन्हा सोडियम पाजणे कोणत्या हिशोबात बसते? सोडियम वाढला की चिकण माती फुगते, तिची छिद्रे बुजतात आणि निचरा थांबतो. नदीला वाहते पाणी असते तेव्हा हे जाणवत नाही. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत बंधाऱ्यांत अडलेल्या पाण्यावर मोटारी चालतात तेव्हा जाणवते.

मेम्ब्रेनचे स्वतःचे नखरेही कमी नाहीत, आणि इचलकरंजीच्या कामाचे स्वरूप पाहता त्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. ताण्याला सायझिंगमध्ये जी खळ लावतात ती प्रोसेसमध्ये धुऊन काढली जाते. तिच्यात स्टार्चबरोबर पीव्हीए हा कृत्रिम चिकट पदार्थ असेल तर त्याचा चिकट थर मेम्ब्रेनवर बसतो आणि कॉस्टिकच्या धुलाईलाही सहजासहजी दाद देत नाही. ब्लिचिंगचा हायपो किंवा पेरॉक्साइड थोडा जरी शिल्लक राहून पुढे आला तर पॉलिअमाइडचा थर कायमचा खराब होतो, म्हणून तो मारण्यासाठी आधी बायसल्फाइटचा डोस द्यावा लागतो. तो डोस देणारा लहानसा पंप रात्रपाळीत बंद पडला, तर लाखो रुपयांची मेम्ब्रेन सकाळपर्यंत निकामी होऊ शकतात. गाळाचा निर्देशांक (बारीक कणांनी मेम्ब्रेन किती तुंबेल याचे माप) 5 च्या आत, शक्यतो 3 च्या आत ठेवल्याशिवाय पाणी आर. ओ. ला देऊ नये असा दंडक आहे, आणि तो पाळायचा तर आधीची जैविक प्रक्रिया आणि अल्ट्राफिल्ट्रेशन (बारीक कण अडवणारी आधीची गाळणी) अखंड, एकसारखे चालावे लागते. जॉबवर, म्हणजे इतरांच्या मालावर मजुरीने, काम करणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये आज पांढरा माल, उद्या गडद, परवा काम नाही, असे चालते. येणाऱ्या पाण्याचा स्वभाव रोज बदलतो. बारा ते चोवीस तासांचे पाणी साठवून एकजीव करणाऱ्या मोठ्या टाकीवर इथे काटकसर केली जाते आणि मग दोष मेम्ब्रेनवर येतो.

सगळे पाणी एकत्र करून मग ते वेगळे करत बसण्याची पद्धत मला मुळातच उफराटी वाटते. रंगाच्या बाथचे पाणी एकूण पाण्याच्या मानाने थोडे असते, पण बहुतेक मीठ त्यातच असते. नंतरच्या धुलाईचे पाणी पुष्कळ असते आणि त्यात मीठ फारच कमी असते. कारखान्यातच दोन वेगळ्या नाल्या काढल्या तर धुलाईचे पाणी कमी दाबावर, कमी विजेत गाळून लगेच परत वापरता येईल आणि दाट पाणी थोडे असल्यामुळे त्यातील मीठ परत मिळवणे आवाक्यात येईल. दोन नाल्यांसाठी प्रत्येक कारखान्याची फरशी उखडावी लागेल, हे खरे आहे. पण हा खर्च एकदाच होतो, वाफेचा खर्च रोज होतो. ज्या कापडाला चालते तिथे कोल्ड पॅड बॅच पद्धत (रंगात बुडवून पिळलेले कापड गुंडाळून काही तास थंडच ठेवण्याची) वापरली तर रंगाईला मीठच लागत नाही. जे मीठ आत आलेच नाही ते आटवावेही लागत नाही, आणि अशी पद्धत स्वीकारणाऱ्या कारखान्याला सामूहिक प्रकल्पाच्या आकारणीत ठळक सवलत मिळायला हवी. आज बहुतेक ठिकाणी आकारणी पाण्याच्या घनमीटरवर होते, मिठाच्या किलोवर होत नाही. त्यामुळे पाणी वाचवून दाट सांडपाणी पाठवणारा आणि मीठच न वापरणारा, दोघेही एकाच मापाने मोजले जातात.

आणखी एका पर्यायाचा विचार आपल्या भागात गांभीर्याने झाला पाहिजे. शहराच्या मैलापाण्यात क्षार कमी असतात, म्हणून ते गाळून उद्योगाला देणे रंगाईच्या पाण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. मुंबईत चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने सन 2000 च्या सुमारासच महापालिकेचे मैलापाणी घेऊन त्यावर आर. ओ. पर्यंतची प्रक्रिया करून ते कारखान्यात वापरायला सुरुवात केली. सुरत महानगरपालिका 2014 पासून बमरोली येथे रोज 40 दशलक्ष लिटर पाण्यावर अशीच प्रक्रिया करून ते पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील कापड प्रक्रिया कारखान्यांना विकते. इचलकरंजीने पिण्याच्या पाण्यासाठी पंचगंगा पाहिली, मजरेवाडीहून कृष्णा आणली, दानोळीहून वारणा आणायचा प्रयत्न केला, मग सुळकूडहून दूधगंगा आणण्याचे ठरवले, आणि वारणा व दूधगंगेच्या वेळी ज्या गावांच्या उशाशी ती नदी आहे त्यांनी विरोध केला. शहराच्या मैलापाण्यातून कारखान्यांची गरज काही अंशी जरी भागली तरी या भांडणाची धार कमी होईल. मात्र इथेही नळीचा प्रश्न सुटत नाही: लिटरला 600 मिलिग्रॅम क्षार असलेल्या मैलापाण्यातून तीन चतुर्थांश पाणी काढले तर रिजेक्ट 2,400 वर जाते, म्हणजे मर्यादेच्या बाहेरच. ते निस्तरणे सोपे आहे, पण आपोआप निस्तरले जात नाही.

आता देखरेखीविषयी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये अतिप्रदूषक गटातील उद्योगांना आणि सामूहिक प्रकल्पांना ऑनलाइन मापन यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. त्यांचा भर पाण्याचा प्रवाह, सामू (आम्ल-अल्कता), तरंगते पदार्थ, बीओडी आणि सीओडी (सेंद्रिय घाणीची दोन मापे) यांवर आहे. बीओडी-सीओडीचे ऑनलाइन संवेदक महाग आणि नाजूक असतात, त्यांच्या वाचनाविषयी वाद घालायला जागा असते. क्षारांचे मापन याच्या अगदी उलट आहे. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे उपकरण स्वस्त, टिकाऊ आणि लबाडीला कमी वाव देणारे असते. प्रकल्पात शिरणारे पाणी, मेम्ब्रेनचे स्वच्छ पाणी, रिजेक्ट आणि बाष्पीभवनातून परत आलेले पाणी अशा चार ठिकाणी प्रवाह आणि वाहकता मोजली की मिठाची वजाबाकी कोणालाही करता येईल. असेच एक उपकरण इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यावर आणि नदीवर शहराच्या वर व खाली एकेक बसवावे. शून्य विसर्गाचा दावा असलेल्या शहरातून वाहणाऱ्या ओढ्याची वाहकता रात्री दोन वाजता चढत असेल, तर त्याचे स्पष्टीकरण मागायला पंचनाम्याची गरज पडणार नाही.

याहूनही साधा पुरावा कारखान्याच्या हिशोबवहीत असतो. रंगाईसाठी महिन्याला किती टन मीठ आणि ग्लॉबर सॉल्ट विकत घेतले, याची बिले असतात. प्रकल्पातून किती टन मीठ परत वापरले गेले, किती टन कोरडे मीठ बाहेर पडले आणि रांजणगाव किंवा तळोजा यांसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे किती गेले, याच्या वजनकाट्याच्या पावत्या असायला हव्यात. खरेदी शंभर टन आणि पावत्या वीस टनांच्या असतील, तर उरलेले ऐंशी टन गोदामात दिसले पाहिजेत. गोदामातही नसतील तर ते नदीत आहेत. कापडात मीठ राहत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमतीपत्र देताना हा ताळेबंद दरमहा सादर करण्याची अट घालावी आणि तो संकेतस्थळावर सर्वांना पाहता येईल असा ठेवावा. पाण्याचे नमुने घेण्यासाठी माणसे कमी आहेत, ही मंडळाची अडचण खरी आहे. पावत्या जुळवण्यासाठी मात्र नदीकाठी उभे राहावे लागत नाही.

शासनाच्या अनुदानाबाबतही एक स्पष्ट सूचना करतो. अनुदान बहुतांशी यंत्रसामग्री उभारायला मिळते, चालवायला मिळत नाही. परिणामी मोठी यंत्रणा उभी करण्याची स्पर्धा लागते, आणि दोन-तीन वर्षांनी मेम्ब्रेन बदलण्याची वेळ आली की पैसे नसतात. सामूहिक प्रकल्पाच्या निविदेत उभारणीबरोबर किमान काही वर्षांच्या संचालनाची जबाबदारी त्याच कंत्राटदारावर असावी, आणि अनुदानाचा मोठा हप्ता परत मिळवलेल्या मिठाच्या टनांशी बांधलेला असावा. आज तो बसवलेल्या यंत्रांच्या यादीशी बांधलेला असतो. प्रकल्पाचे काम टप्प्याटप्प्याने होणार असेल तर मीठ परत मिळवण्याचा आणि आटवण्याचा विभाग पहिल्या टप्प्यात घ्यावा. ‘आधी आर. ओ., बाष्पीभवन नंतर’ असा क्रम लावला, तर मधल्या काळात चौपट दाट झालेले पाणी कुठे ठेवणार, याचे उत्तर त्या कागदपत्रांत लेखी असले पाहिजे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. यापुढे अशा प्रकल्पाची बातमी देताना क्षमता आणि खर्च यांच्या जोडीला रोजचे रिजेक्ट किती लिटर, त्यात मीठ किती टन, आणि ते आटवण्यासाठी लागणारी वाफ किंवा वीज कुठून येणार, हे तीन आकडे संबंधितांना विचारून छापावेत. प्रकल्प अहवालात ते असतातच. नसतील तर तो अहवाल अपुरा आहे, आणि तसे असल्याचेही बातमीत यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जलप्रक्रिया अभियंता,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर